पक्षियादी आणि हजेरीपट : सोलापूरच्या माळरानावरील पक्षिज्ञान, फासेपारधी समाज आणि स्थानिक इतिहास

सारांश
सोलापूर परिसरातील माळरानाच्या पक्ष्यांची शास्त्रीय नोंद एकोणिसाव्या शतकापासून होत आली आहे. याच माळावर पक्षी पकडून उदरनिर्वाह करणाऱ्या फासेपारधी समाजाचे स्थान मात्र पक्षिशास्त्राच्या ग्रंथांत निनावी माहीतगाराचे, तर पोलिसांच्या दप्तरात जन्मजात गुन्हेगाराचे राहिले. प्रस्तुत शोधनिबंधात या दोन नोंदींचा एकत्रित विचार केला आहे. गुन्हेगार जमाती कायदा, सोलापूरची सेटलमेंट, वन्यजीव संरक्षणाचे कायदे आणि नान्नजचे माळढोक अभयारण्य हे एकाच इतिहासाचे टप्पे आहेत, असे प्रतिपादन येथे केले आहे. या इतिहासाच्या अध्यापनासाठी सामुदायिक पक्षिनिरीक्षण फेरी कशी उपयोगी पडेल, याचेही विवेचन केले आहे.

बीजशब्द : माळरान, फासेपारधी, गुन्हेगार जमाती कायदा, सेटलमेंट, माळढोक, पक्षिनिरीक्षण, स्थानिक इतिहास.

१. प्रस्तावना

पक्षिनिरीक्षण हा निरुपद्रवी छंद मानला जातो. दुर्बीण, टिपणवही आणि पहाटे उठण्याची तयारी एवढ्या भांडवलावर तो कोणालाही जोपासता येतो, असा सर्वसाधारण समज आहे. तथापि मोकळ्या रानात निःशंकपणे हिंडण्याचा अधिकार सर्वांना सारखाच लाभलेला नाही, याची जाणीव जगाला २०२० मध्ये एका घटनेने करून दिली. २५ मे २०२० रोजी न्यूयॉर्क येथील सेंट्रल पार्कमध्ये ख्रिश्चन कूपर या कृष्णवर्णीय पक्षिनिरीक्षकाने एका गौरवर्णीय महिलेला तिचा कुत्रा नियमाप्रमाणे बांधून ठेवण्यास सांगितले. त्यावर तिने पोलिसांना दूरध्वनी करून एका कृष्णवर्णीय पुरुषापासून आपणास धोका असल्याची तक्रार केली. या घटनेनंतर काही दिवसांतच अमेरिकेत कृष्णवर्णीय पक्षिनिरीक्षकांचा पहिला सप्ताह साजरा झाला. गौरेतर समाजांनी एकत्र येऊन पक्षी पाहावेत आणि त्या निमित्ताने आपल्या परिसराचा विस्मृत इतिहासही जाणून घ्यावा, या विचाराला त्यामुळे बळ मिळाले. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकन पक्षिशास्त्र संस्थेने व्यक्तींच्या नावावरून पडलेली पक्ष्यांची इंग्रजी नावे बदलण्याचा निर्णय जाहीर केला. पक्ष्याला कोणाचे नाव द्यावे, हा प्रश्नही इतिहासाचा आहे, हे त्यातून मान्य झाले.

भारतात हा प्रश्न वर्णाच्या रूपाने न येता जात, जमात आणि भटकेपणा यांच्या रूपाने येतो. सोलापूर हे त्याचे अत्यंत बोलके उदाहरण होय. एकीकडे माळढोकाच्या नावाने देशभर परिचित झालेले नान्नज, तर दुसरीकडे मुंबई इलाख्यातील गुन्हेगार जमातींच्या वसाहतींपैकी एक महत्त्वाची वसाहत, अशा दोन्ही गोष्टी या एकाच शहराच्या परिसरात आहेत. पक्ष्यांविषयी लिहिणारे पहिल्या गोष्टीची आणि समाजशास्त्राचे अभ्यासक दुसऱ्या गोष्टीची दखल घेतात. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे माळ तुडवणारा पारधी. तो सहसा दोन्हीकडून निसटतो.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत शोधनिबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) माळरानाच्या पक्षिज्ञानात फासेपारधी समाजाच्या स्थानाचा शोध घेणे.
२) गुन्हेगार जमाती कायदा व वन्यजीवविषयक कायदे यांचा या समाजाच्या रानातील वावरावर झालेला परिणाम तपासणे.
३) स्थानिक इतिहासाच्या अध्यापनात पक्षिनिरीक्षण फेरीची उपयुक्तता विशद करणे.

यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून वसाहतकालीन पक्षिग्रंथ, जातिवर्णनपर व पोलिसी वाङ्मय, कायदे आणि संरक्षणविषयक साहित्य या दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

३. माळ : जमीन आणि महसुली शब्द

सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. भीमा आणि सीना या नद्यांच्या काठची काळी जमीन ज्वारीला पोसते. परंतु त्यामधील उंचवट्यांवर मुरमाड, उथळ जमीन आहे. तेथे कुसळी, पवन्या यांसारखी गवते आणि तुरळक बोरी-बाभळी एवढीच वनस्पती तग धरते. मराठीत या जमिनीला 'माळ' असा स्वतंत्र शब्द आहे. धनगरांच्या मेंढ्या, पारध्यांचे फासे आणि पावसाळ्यात गवत कापणारे शेतकरी यांचा या माळाशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे. माळढोक, तणमोर, धाविक, चंडोल, पखुर्डी, तितर, लावा हे याच माळाचे पक्षी. ते जमिनीवर वावरतात व जमिनीवरच अंडी घालतात. त्यामुळे झाडोऱ्यापेक्षा उघडे गवत त्यांना मानवते.

वसाहतकालीन महसूलव्यवस्थेत ज्या जमिनीतून सारा मिळत नाही ती 'पडीक' ठरली. 'माळ' या शब्दात जमिनीचा स्वभाव सांगितलेला आहे. 'पडीक' या शब्दात तिची निरुपयोगिता गृहीत धरलेली आहे. स्वातंत्र्यानंतरही हे वर्गीकरण टिकून राहिले आणि वृक्षलागवड, औद्योगिक वसाहती, कालव्याखालील शेती यांसाठी सर्वप्रथम माळच उपलब्ध करून दिले गेले. ज्या शासनव्यवस्थेने सारा न देणाऱ्या जमिनीला पडीक ठरवले, तिनेच एका जागी स्थिर न राहणाऱ्या माणसांना गुन्हेगार ठरवले. ही दोन्ही वर्गीकरणे एकाच दृष्टीतून जन्मली, हे लक्षात घेतल्याशिवाय सोलापूरच्या माळाचा इतिहास उलगडत नाही.

४. पक्षियादीतील निनावी माहीतगार

दख्खनच्या पक्ष्यांची पहिली विस्तृत शास्त्रीय यादी विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने तयार केली. मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकीय पाहणी करीत असताना त्याने पक्ष्यांचे नमुने गोळा केले व १८३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या कार्यवृत्तात ही यादी प्रसिद्ध केली. तिच्यात दोनशेहून अधिक पक्षी आहेत. माळावरील एका छोट्या लाव्याला त्याने दिलेले 'अर्गूंडा' हे जातिनाम स्थानिक भाषेतून घेतलेले आहे व ते आजही शास्त्रात रूढ आहे. माळावरच्या एका चंडोलाला इंग्रजीत साइक्सचेच नाव मिळाले. थॉमस जर्डनने १८६२ ते १८६४ या काळात प्रसिद्ध केलेल्या भारतीय पक्ष्यांवरील ग्रंथात बहुतेक पक्ष्यांची हिंदुस्थानी, मराठी, तेलुगू, तमिळ अशी देशी नावे दिलेली आहेत.

ही नावे कोणी सांगितली? पक्षी कोठे रात्र काढतो, कोणत्या महिन्यात दिसतो, कोणत्या हाकेला फसतो, हे कोणाकडून कळले? ग्रंथांत याचे उत्तर 'शिकारी', 'पक्षी पकडणारे', 'येथील लोक' अशा सामान्यनामांत मिळते. नमुना मिळवणारा हात आणि नाव उच्चारणारे तोंड या दोहोंची नोंद भाषेच्या संक्षेपाखाली झाकली गेली. ज्याने पक्षी शास्त्राच्या स्वाधीन केला त्याचे नाव यादीत आले नाही. ज्याने तो युरोपात पाठवला त्याचे आले. डार्विनला एडिंबरो येथे पक्षी पेंढा भरून जतन करण्याची विद्या जॉन एडमन्स्टन या पूर्वी गुलाम असलेल्या कृष्णवर्णीय गृहस्थाने शिकवली होती. त्याची कहाणीही दीर्घकाळ अशीच उपेक्षित राहिली होती. तेव्हा हा प्रकार केवळ दख्खनपुरता मर्यादित नव्हता.

फासेपारध्यांचे पक्षिज्ञान त्यांच्या अवजारांतून दिसते. घोड्याच्या शेपटीचे केस किंवा जनावरांच्या स्नायूंचे तंतू वळून केलेले फासे बांबूच्या बारीक खुंट्यांना बांधून ते पक्ष्यांच्या वाटेवर ओळीने रोवले जातात. पाळलेला तितर पिंजऱ्यात ठेवून त्याच्या हाकेवर रानातील तितर बोलावला जातो. शिकवलेल्या गाई-बैलाच्या आडोशाने पक्ष्याच्या जवळ जाणारे ते गायपारधी, असे पोटनाव या पद्धतीवरूनच पडले. तितर सकाळी कोणत्या वाटेने चरायला उतरतो, वाऱ्याची दिशा बदलल्यावर तो कोणीकडे वळतो, फासा किती उंचीवर ठेवला असता लाव्याऐवजी तितर सापडेल, याचे अचूक अनुमान असल्याशिवाय यातील एकही पद्धत यशस्वी होत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी रसेल व हिरालाल (१९१६) आणि एन्थोवेन (१९२०–२२) यांनी आपल्या जातिवर्णनपर ग्रंथांत पारध्यांची नोंद घेतली. परंतु ती समाजवर्णनाच्या कप्प्यात राहिली. पक्षिशास्त्राशी तिचा सांधा जोडला गेला नाही.

५. हजेरीपट : सोलापूरची सेटलमेंट

१८७१ मध्ये उत्तर हिंदुस्थानात लागू झालेला गुन्हेगार जमाती कायदा १९११ च्या सुधारणेनंतर मुंबई इलाख्यासह सर्वत्र लागू करणे शक्य झाले. तत्पूर्वी १९०८ मध्ये मायकेल केनेडी या पोलीस अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातील तथाकथित गुन्हेगार वर्गांवर एक मार्गदर्शक ग्रंथ सिद्ध केला होता व त्यात पारध्यांचाही समावेश होता. गावाबाहेर पडणारे पाल, सतत बदलणारा मुक्काम, रानवाटांची माहिती, अंधारात आवाज न करता चालण्याचे कसब ही पारध्याच्या व्यवसायाची अंगे होती. पोलिसी दृष्टीने तीच संशयाची कारणे ठरली.

कायद्याने अधिसूचित जमातीच्या व्यक्तींची नोंदवही ठेवणे, बोटांचे ठसे घेणे, ठरावीक वेळी हजेरी लावणे, परवान्याशिवाय हद्द ओलांडण्यास मनाई करणे आणि कुटुंबांना वसाहतीत ठेवणे, असे अधिकार सरकारला मिळाले. मुलांना आईवडिलांपासून वेगळे ठेवण्याची तरतूदही त्यात होती. मुंबई इलाख्यात अशा वसाहतींची सुरुवात विजापूर येथे १९०९ च्या सुमारास ओ. एच. बी. स्टार्ट या सनदी अधिकाऱ्याच्या पुढाकाराने झाली. तेथे पारध्यांचीच एक शाखा असलेल्या हरणशिकाऱ्यांशी त्याचा संबंध आला. पुढे सोलापूर, हुबळी, गदग आदी ठिकाणी वसाहती उभ्या राहिल्या.

सोलापूरची निवड होण्यामागे कापडगिरण्या होत्या. १८७७ मध्ये सुरू झालेल्या जुन्या गिरणीपाठोपाठ या शहरात आणखी गिरण्या उभ्या राहिल्या होत्या व त्यांना नियमित येणारे कामगार हवे होते. भटक्यांना स्थिर करणे आणि गिरण्यांना मजूर पुरवणे, ही दोन उद्दिष्टे सेटलमेंटमध्ये एकत्र आली. अमेरिकन मराठी मिशननेही येथील उमेदपूर वसाहतीच्या कारभाराची जबाबदारी सांभाळली. 'उमेद' या शब्दात सुधारणेचे आश्वासन होते. परंतु त्याभोवती तारेचे कुंपण होते. कैकाडी, मांगगारुडी, टकारी, भामटा, कंजारभाट, पारधी अशा अधिसूचित जमातींचे आयुष्य हजेरीच्या वेळांत आणि गिरणीच्या भोंग्यात बांधले गेले. चांगल्या वर्तणुकीनंतर कुटुंबांना कुंपणाबाहेरच्या 'फ्री कॉलनी'त राहू दिले जाई. 'सेटलमेंट फ्री कॉलनी' हे नाव सोलापुरात आजही पत्त्यांमध्ये लिहिले जाते. 'फ्री' या शब्दाचा मूळ संदर्भ मात्र शहराच्या स्मृतीतून बहुतांशी पुसला गेला आहे.

पक्ष्याच्या वर्तनानुसार दिवस आखणाऱ्या समाजाला भोंग्यानुसार दिवस आखावा लागला, ही या काळातील मोठी घटना होय. तितराच्या हाकेची वेळ आणि हजेरीची वेळ एकच होती. ज्याला पहाटे माळावर असणे आवश्यक, त्याला पहाटे रांगेत असणे सक्तीचे झाले. ज्ञान हे वापराने टिकते. वापर थांबला की एका पिढीत ते विरळ होते. वसाहतीबाहेर राहिलेल्या पारध्यांनाही पोलिसांचा ससेमिरा चुकवीतच रानात वावरावे लागले. सेटलमेंटने शाळा व रोजगार दिला, हे नाकारण्याचे कारण नाही. तेथून शिकून पुढे आलेल्या पिढ्याही आहेत. परंतु त्याची किंमत हिंडण्याच्या स्वातंत्र्याच्या रूपाने वसूल केली गेली.

मुंबई प्रांताने १९४९ मध्ये हा कायदा रद्द केला आणि ३१ ऑगस्ट १९५२ पासून तो देशभर रद्दबातल झाला. तेव्हापासून या जमाती 'विमुक्त' म्हणून ओळखल्या जातात. तथापि सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांतून जुनी पोलिसी सवय टिकून राहिली. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' या आत्मकथनांनी हे वास्तव मराठी वाचकांपुढे मांडले. सोलापूरचे बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ मध्ये आपला अहवाल सादर केला. प्रश्न संपला नव्हता, हे त्या आयोगाच्या स्थापनेवरूनच स्पष्ट होते.

६. बंदूक, फासा आणि कायदा

माळरानावरील पक्षी कोणी संपवले, या प्रश्नाचे उत्तर देताना बोट सहजपणे पारध्याकडे दाखवले जाते. याबाबत एक आकडा उद्बोधक आहे. रॉबर्ट मॅन्सफील्ड या एका इंग्रज शिकाऱ्याने १८०९ ते १८२९ या काळात सोलापूरला लागून असलेल्या तत्कालीन अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात ९६१ माळढोक मारले, अशी नोंद आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ४८ पक्षी एका माणसाच्या बंदुकीला बळी पडले. आज संपूर्ण जगात उरलेल्या माळढोकांची संख्या सुमारे दीडशेच्या घरात सांगितली जाते. मॅन्सफील्डच्या शिकारीची नोंद क्रीडा म्हणून झाली. पारध्याने बाजारात विकलेल्या तितराची नोंद अपराध म्हणून झाली.

१८८७ व १९१२ चे वन्य पक्ष्यांविषयीचे कायदे आणि १९५१ चा मुंबई राज्याचा कायदा यांनी शिकारीवर हंगाम व परवाना यांची बंधने घातली. परवाना हे लिहिता-वाचता येणाऱ्याचे, बंदूक बाळगणाऱ्याचे साधन होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने माळढोकाला पूर्ण संरक्षण दिले आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याने होणारी शिकारही बंद केली. पक्ष्यांच्या दृष्टीने हे कायदे आवश्यक होते, याबद्दल दुमत असू नये. परंतु १९५२ मध्ये ज्या समाजाचा जन्म गुन्हा ठरण्याचे थांबले, त्याचा व्यवसाय वीस वर्षांनी गुन्हा ठरला. त्याच्या जागी दुसरी उपजीविका देण्याचे उत्तरदायित्व कायद्याने कोणावर टाकले नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यातही परंपरागत हक्कांतून शिकार वगळली गेली. फासेपारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत असूनही जमीन व दाखले यांच्या अभावी अनेकांना त्या सवलती दुर्मीळच राहिल्या.

येथे अतिरेकी निष्कर्ष टाळणे इष्ट ठरेल. पारध्यांच्या फाशांनी पक्ष्यांची हानी झाली नाही असे म्हणता येणार नाही आणि अवैध शिकारीच्या प्रकरणांत काही व्यक्ती दोषीही आढळल्या आहेत. मात्र व्यक्तीच्या अपराधावरून जमातीला दोषी धरणे, ही १९११ च्या कायद्याचीच तर्कपद्धती होय.

७. नान्नज : संरक्षणाचा अनुभव

सोलापूरच्या उत्तरेस बार्शी रस्त्यावरील नान्नजचा माळ १९७० च्या दशकाच्या आरंभी सोलापूरचे पक्षिप्रेमी बी. एस. कुलकर्णी यांच्या प्रयत्नांमुळे माळढोकाचे वसतिस्थान म्हणून प्रकाशात आला. अवर्षणप्रवण क्षेत्र विकास कार्यक्रमाखाली येथे गवताचे संरक्षित पट्टे राखले गेले. १९७९ मध्ये सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौरस किलोमीटरचे माळढोक पक्षी अभयारण्य घोषित झाले. यात गावे, शेते, रस्ते आणि वस्त्या सारेच आले. जमिनीच्या व्यवहारांवर व विकासकामांवर बंधने आल्याने स्थानिक शेतकऱ्यांत नाराजी पसरली. अखेरीस २०१२ च्या सुमारास अभयारण्याचे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने माळढोकाला अतिसंकटग्रस्त श्रेणीत टाकले. नान्नजला अलीकडे त्याचे दर्शन अत्यंत दुर्मीळ झाले आहे.

माळढोकाची मादी साधारणतः एकच अंडे उघड्या जमिनीवर घालते. मोठ्या, सलग, शांत माळाशिवाय तिची वीण सफल होत नाही. अशा पक्ष्याचे रक्षण कागदावरच्या विस्तीर्ण क्षेत्रापेक्षा माळावर रोज वावरणाऱ्या माणसांच्या सहकार्यावर अधिक अवलंबून असते. मेंढपाळ, गवत कापणाऱ्या स्त्रिया आणि पारधी यांचा डोळा हेच या पक्ष्याचे पहिले संरक्षण होऊ शकले असते. परंतु अभयारण्याच्या आखणीत ही माणसे प्रामुख्याने अडथळा म्हणून गणली गेली.

८. अन्यत्रचे दाखले

याउलट अनुभव देशात उपलब्ध आहेत. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९-६० च्या सुमारास पक्ष्यांच्या स्थलांतराचा अभ्यास हाती घेतला, तेव्हा पायात कडी घालण्यासाठी पक्षी जिवंत व अक्षत पकडणारे लोक आवश्यक होते. बिहारमधील मीरशिकार या परंपरागत पक्षी पकडणाऱ्या समाजाने ते काम केले. त्यांपैकी अली हुसेन यांचे नाव पक्षिशास्त्राच्या वर्तुळात आदराने घेतले जाते. १९८६ मध्ये आंध्र प्रदेशातील कडप्पा भागात जर्डनचा धाविक हा नामशेष मानलेला पक्षी पुन्हा सापडला, त्यातही स्थानिक शिकाऱ्याचा वाटा निर्णायक होता. विदर्भात अकोला-वाशीम परिसरात 'संवेदना' ही संस्था फासेपारधी समाजाबरोबर तणमोर व गवताळ माळांच्या रक्षणाचे काम करीत आली आहे. मध्य प्रदेशातील पन्ना येथे पारधी तरुण पर्यटकांना रानातून पायी फिरवतात, पाऊलखुणा वाचून दाखवतात, पक्ष्यांचे आवाज काढतात आणि आपल्या समाजाची हकिकतही सांगतात. 'पारध्यांसमवेत पदभ्रमण' अशा स्वरूपाचा हा उपक्रम पक्षिनिरीक्षण व समाजाचा इतिहास यांना एकत्र आणणारा नमुना होय.

मराठीत या दिशेने मोठे कार्य सोलापूरचे सुपुत्र मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी केले. वनाधिकारी म्हणून रानावनात हिंडताना त्यांनी आदिवासींकडून पक्ष्यांची नावे, समजुती व वर्तनविषयक माहिती जिज्ञासूपणे मिळवली आणि 'पक्षिकोश' सिद्ध केला. २००६ मध्ये सोलापुरात भरलेल्या एकोणऐंशीव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. रानातील माणसाचे ज्ञान कोशात स्थान मिळवू शकते, हे त्यांच्या कार्याने सिद्ध झाले.

९. पक्षिनिरीक्षण फेरी : इतिहासाध्यापनाचे साधन

वरील विवेचनाच्या आधारे सोलापुरातील महाविद्यालयांना इतिहास, समाजशास्त्र, प्राणिशास्त्र व मराठी या विभागांच्या सहकार्याने एका सामुदायिक फेरीची आखणी करता येईल. फेरीचा प्रारंभ सेटलमेंट परिसरातून व्हावा. तेथे दुर्बिणीपूर्वी पत्ता वाचावा : 'फ्री कॉलनी' या नावाचा अर्थ विद्यार्थ्यांना तेथील रहिवाशांकडून समजावा. दुसरा टप्पा हिप्परगा येथील एकरुख तलावाचा. अधिला नदीवरील हा तलाव १८७१ मध्ये पूर्ण झाला. उत्तरेकडील गुन्हेगार जमाती कायद्याचेही तेच वर्ष. हिवाळ्यात येथे स्थलांतरित बदके व पाणपक्षी उतरतात. परवान्याशिवाय हद्द ओलांडता न येणारी माणसे आणि देशांच्या सीमा ओलांडून येणारे पक्षी यांचा विचार येथे एकत्र करता येतो. शेवटचा टप्पा नान्नजच्या माळाचा. तेथे वनविभागाच्या अनुमतीने व विणीचा काळ टाळून चंडोल, पखुर्डी, भोवत्या आदी पक्षी पाहावेत.

या फेरीसाठी काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. पारधी समाजातील जाणत्या व्यक्तीस मार्गदर्शक म्हणून निमंत्रित करून प्राध्यापक-व्याख्यात्याप्रमाणे मानधन द्यावे. शिकारीचे प्रात्यक्षिक मागू नये. पोलिसी अनुभवांविषयी आगंतुक प्रश्न विचारू नयेत. घरट्यांच्या जागा जाहीर करू नयेत. पारध्यांच्या बोलीतील पक्ष्यांची नावे सांगणाऱ्याच्या संमतीने व त्याच्या नावानिशी नोंदवावीत.

ही शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची होय. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार स्थानिक संस्थांनी लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे अपेक्षित आहे. माधव गाडगीळ यांनी या कल्पनेचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. या नोंदवहीत प्रजातींबरोबर जाणकार व्यक्तींची नोंद करण्यास वाव आहे. अनेक ठिकाणी ती उपचारापुरती भरली जाते; परंतु महाविद्यालयांनी मनावर घेतल्यास या फेऱ्यांतून जमलेली माहिती ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत समाविष्ट होऊ शकेल.

१०. निष्कर्ष

१) सोलापूरच्या माळरानाचे पक्षिज्ञान घडवण्यात फासेपारध्यांसारख्या समाजांचा वाटा होता, परंतु पक्षियादीत त्यांची दखल निनावी राहिली.
२) गुन्हेगार जमाती कायदा व सेटलमेंट यांनी या समाजाच्या हिंडण्यावर बंधन आणले. हिंडणे थांबल्याने रानाविषयीच्या ज्ञानाचा पायाच खचला.
३) वन्यजीव कायदे पक्ष्यांसाठी आवश्यक असले तरी पर्यायी उपजीविकेअभावी त्यांनी विमुक्त समाजाला पुन्हा कायद्याच्या विरुद्ध बाजूला उभे केले.
४) नान्नजचा अनुभव पाहता माळ व माणूस यांना वेगळे काढून केलेले संरक्षण अपुरे ठरते.
५) पक्षिनिरीक्षण फेरी हे स्थानिक इतिहासाच्या अध्यापनाचे कमी खर्चाचे व परिणामकारक साधन ठरू शकते.

आजवर पारध्याचे नाव सरकारी वहीत लिहिले गेले ते ठशासह आणि हजेरीसाठी. तितराची हाक ओळखणारा माणूस म्हणून तेच नाव लोक जैवविविधता नोंदवहीत लिहिले जाणे, हे इतिहासाच्या ऋणातून अल्पांशाने मुक्त होण्यासारखे आहे. माळढोक माळावर पुन्हा दिसेल की नाही हे निश्चितपणे सांगता येणार नाही. परंतु माळ जाणणारी शेवटची पिढी अद्याप हयात असताना तिचे म्हणणे नोंदवून ठेवणे महाविद्यालयांच्या हाती आहे.